ताईच्या हातात माईक

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या समोर दोन साठीच्या बहिणी बसल्या होत्या. थोरलीचा घसा पार बसला होता, तरी तिचं तोंड काही थांबत नव्हतं.

"ताई, मला तर तुझ्या बाळ्याच्या दोन बँडांपैकी जुनाच आवडतो. दूध उतू जायच्या आत गाणं खलास."

"अगं, पण त्यात तो काय ओरडतो ते मला, त्याच्या आईलाही कळत नाही. नव्या बँडमध्ये शब्द तरी समजतात."

"समजून काय करायचंय? घरमालकाला शिव्याच तर आहेत."

"पण कशा स्वच्छ आहेत."

"नव्यात तो खांबासारखा उभा असतो. जुन्यात कसा अंगावर धावून येतो."

"जुन्याच्या ड्रमवाल्याला दम म्हणून नाही. गाणं संपायच्या आत हा पुढच्या गाण्यात."

"मग परवा जुन्याच बँडच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत मुठी कोण नाचवत होतं? बाळ्यानं सगळ्यांनी एक ओळ म्हणावी म्हणून माईक पुढे केला, तर तू तो परतच दिला नाहीस. अख्खं गाणं ओरडलीस."

"हातात आला, मग काय करू?"

"पण शब्द तर कळत नाहीत म्हणालीस."

"मी माझे घातले. तो लहान असताना खिडकीतून ओरडायचे ना, तेच. बाळ्या, जेवायला ये. मग सगळी पोरं माझ्यामागून तेच ओरडायला लागली."

"आणि बाळ्या?"

"तो म्हणतो, आता गाण्यात तेच शब्द ठेवायचे."

"म्हणजे जुन्या बँडला गाणं मिळालं."

"कुठलं काय. नव्या बँडवाले हटूनच बसलेत, ते गाणं आम्हालाच हवं म्हणून."