पूजेतली भरलेली बंदूक

नाव: सौ. कोकिळा उत्तमराव सुरुशे, वय ५७ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा शेती व घरकाम, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझी सून काजल गोकुळ सुरुशे हिच्या उजव्या डोळ्याची नजर शाबूत आहे. चिखली येथील डोळ्यांच्या डॉक्टर निवेदिता यांनी आज सकाळी फोनवर मला स्वतःला तसे सांगितले. बुबुळावर ओरखडा आहे, तो भरून येईल, असेही त्या म्हणाल्या. मी त्यांना तीच गोष्ट दोनदा सांगायला लावली.

माझे पती उत्तमराव यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बंदूक आहे. तुरीत रानडुकरे शिरली की हवेत बार काढून ते त्यांना हुसकावतात. एरवी बंदूक कपाटात कुलुपात असते. दसऱ्याला ती विळे, कुऱ्हाड व वखराच्या लोखंडी पासेसोबत ओसरीत पाटावर पूजेला मांडतात. पूजेत काहीही रिकामे मांडायचे नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. म्हणून बंदुकीतही काडतूस घालून ठेवतात व पूजा झाल्यावर शेतात नेऊन तो बार काढतात. माझ्या सासऱ्यांपासून असेच चालत आले आहे.

काजलचा आमच्या घरातला हा पहिलाच दसरा होता. मागच्या वर्षी ती माहेरी होती. कॉलेजात असताना ती एनसीसीत होती व तिने निशाणबाजी केलेली आहे. काल दुपारी पूजा मांडताना तिने माझ्या पतींना विचारले, "मामाजी, भरेल आहे काय हे?"

पती म्हणाले, "मंग? पायली भरून ठेवतो, कळशी भरून ठेवतो. बंदूकच रिकामी ठेवू काय?"

ती म्हणाली, "पायली कोणाच्या जिवावर उठत नाही, मामाजी. काडतूस काढून उघडी ठेवा."

पती ऐकेनात. तेव्हा ती म्हणाली, "तोंड तरी भिंतीकडं करा."

माझा मुलगा गोकुळ हसला व म्हणाला, "बंदुकीचंही वास्तुशास्त्र असते काय बे? आता हिले विचारूनच आरती करा लागन."

"करा आरती. पण अगोदर हे फिरवा," असे म्हणून काजल पाटासमोर उभी राहिली व हलली नाही. शेवटी पतींनी पाट फिरवून नळीचे तोंड मातीच्या भिंतीकडे केले.

पाट फिरवण्याआधी ज्या बाजूला तोंड होते, तिथे मी व शेजारच्या अंबूबाई आरतीचे ताट घेऊन बसलो होतो. आरतीनंतरही आम्ही तिथेच बसून होतो.

आरतीनंतर गोकुळने बंदुकीवरचा झेंडूचा हार ट्रॅक्टरला घालण्यासाठी ओढला. हाराचा दोरा चापात अडकलेला होता. बंदूक भरलेली होती म्हणून उडाली. छर्रे भिंतीत घुसले व मातीचे ढेकूळ उडाले. काजल भिंतीजवळ निरांजन उचलत होती. ती डोळा धरून खाली बसली. अंबूबाईंनी माझा हात धरला होता, तो जीप येईपर्यंत सोडला नाही.

जीपमध्ये मी काजलच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. वाटेत तिला बोटे दाखवून "किती हायेत सांग," असे विचारले. ती म्हणाली, "आई, दोन्ही डोळे तर तुम्हीच बांधले. दिसन कसं?" गोकुळ जीप चालवत होता.

डॉक्टरांनी डोळ्यातला खडा काढला व चांगला डोळा झाकून तो डोळा उघडायला सांगितला. माझे पती दाराशी उभे होते. काजल त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "मामाजी, बटनं खाली-वर लावली तुम्ही." पती बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. मी चहा नेला, तो त्यांनी घेतला नाही. शर्टाची बटणेही नीट केली नाहीत.

सुनेशी घरात काही वाद होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, होता. तो बंदुकीचे तोंड कुठे असावे यावरून होता व तो तिने जिंकला म्हणून मी आज जबाब देण्यास हजर आहे. दुसरा वाद नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

बंदूक व रिकामे काडतूस पोलिसांनी पंचांसमक्ष ताब्यात घेतले आहे. परवान्याची चौकशी बुलढाण्याहून होईल, असे साहेबांनी सांगितले. परवाना ठेवायचा की जमा करायचा, असे मी पतींना विचारले. ते म्हणाले, "काजल येऊ दे घरी. ते म्हणन तसं." काजलची पट्टी उद्या सकाळी सुटणार आहे. गोकुळ तिच्याजवळ आहे. आम्ही उभयता आता चिखलीला निघत आहोत.

माझा चष्मा घाईत घरी राहिल्याने हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात "बंदूक चुकून उडाली" असे लिहिले होते. त्या जागी "बंदूक भरलेली होती म्हणून उडाली" अशी दुरुस्ती मी करून घेतली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. खाली सही करते.

सौ. कोकिळा उत्तमराव सुरुशे