उड्या किती?

नौपाड्याच्या दंतवैद्याकडे मालूताई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतली मुलगी आपल्या मामांना कंपनीतल्या नव्या गुप्तलिपीचं सांगत होती.

“वक्ररेषेवरच्या एका बिंदूपासून उड्या मारायच्या, मामा. निघालो कुठून, पोचलो कुठे, सगळ्यांना दिसतं. उड्या किती, ते आपलं गुपित. तीच किल्ली.”

“उलटं मोजलं कुणी तर?”

“दहा वर्षं दिग्गज डोकं आपटतायत! म्हणून तर इवलीशी किल्ली पुरते, कार्डाच्या चिपमध्ये मावते.”

“वा! आणि कच्चं कुठे?”

“रेषा चुकीची निवडली की फुटतं. शिवाय उलटं मोजता येणारच नाही, हे कुणी सिद्ध केलेलं नाही.”

“तरी ह्या लिपीसाठी नोकरी पणाला लावलीस?”

“लावली.”

“शाब्बास! रेषा कशी निवडलीस, ते सांग.”

“मालूताई, आत या,” कंपाउंडरने हाक मारली.

“मला नि ह्या मामांना सोडून पुढच्याला घे रे.”