टॉप मॉडेलची अक्षरं

नाही, नाही, खाली ठेवा ती — ब्रेकच्या त्या डिस्कला हात लावायचीसुद्धा माझी इच्छा नाही, मास्तर. कडा कुणी उतरवली हिची? लेथवर? म्हणजे तीनशे पाच मिलिमीटरची आणली, बसेना, म्हणून गोल गोल सोलून दोनशे ऐंशीची केली — वा! भोपळा आहे का तो? आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघत होतात! काय शिकवता शाळेत? — भूमिती. बघा, म्हणजे पोरांना वर्तुळाचा व्यास शिकवायचा आणि स्वतःच्या चाकातल्या थाळीला पट्टी लावायची नाही. बयादरच्या या बाजारात कुणालाही विचारा, हा अबू घैथ ब्रेकचं सामान देण्याआधी काय म्हणतो? चाक काढ, माप आण, मग बोल. चहा घ्या, मैरमियाचा पाला घातलाय त्यात.

आता ऐका. गाडी तीच, वर्ष तेच, रंग तोच — पण बेस मॉडेलला पुढे दोनशे ऐंशी आणि टॉपला तीनशे पाच. बोल्टची भोकं सारखी, म्हणून गाढवाला वाटतं बसेल. नाही बसत! डिस्कला चिमटीत पकडणारा कॅलिपर वेगळा, तो धरणारा ब्रॅकेट वेगळा, आणि तुमच्या पंधरा इंची चाकात तो मावतसुद्धा नाही. बदलायचं तर चाकांसकट सगळं बदला, नाहीतर गपचूप आपल्या मापाचं नवं घाला. पण तुम्ही काय केलंत? गाडीच्या मागची चकचकीत अक्षरं वाचलीत आणि टॉपची डिस्क मागवलीत! अहो, निम्म्या अम्मानच्या बुडावर ती अक्षरं आहेत. आत काही नाही आणि मागे टॉप! असल्या माणसांची मला किळस येते, तोंडावर सांगतो. ड्रायरनं पत्रा गरम करायचा, स्पिरिटनं पुसायचा, अक्षर ठेवून दोन मिनिटं अंगठा दाबून धरायचा — मला कसं माहीत? बाजारात बसतो मी, सगळं दिसतं. मुलासाठी मागणी घालायला जायचं असतं, सगळ्यांत पुढे आपली गाडी, मागे मेव्हण्याची, त्याची खरीखुरी टॉप, आणि तो वर्षभर ऐकवत असतो — मग करतो माणूस. कुणीही करेल. विकताना काढावीत, हे कबूल — पण रंग निघतो ना त्यांच्याबरोबर! आणि गिऱ्हाईक ती वाचून खूश झालेलं असतं, त्याला कशाला दुखवा.

गाडी चालवतं कोण? बायको? कुठे जाते? — खाली शूनाला, दवाखान्यात. रोज? म्हणजे रोज तो मृत समुद्राचा उतार, कानाला दडे बसेपर्यंत ब्रेकवर पाय, या सोललेल्या थाळ्यांवर — आणि तुम्ही मला विचारताय, अजून महिनाभर चालतील का? शरम वाटत नाही? बरं, तुम्ही तर मूर्ख आहातच, पण विकली कुणी तुम्हाला? तुमच्या आधी कोण, त्याच्या आधी कोण? नाव काढा. कागद आहेत ना खिशात? शोधा त्यात. ज्यानं ती अक्षरं चिकटवली त्याचं नाव मी या गल्लीत ओरडून सांगतो, उद्यापासून कुणी सलामसुद्धा करणार नाही त्याला. शोधा तोवर, मी गाडी बघून येतो. ती पांढरी, चाक काढून जॅकवर ठेवलेली?

हं. अक्षरंही तिरकी लावलीत हरामखोरानं. डोळे फुटले होते का? शेवटच्या अक्षराखाली चरा पडलाय — आणि वर हे काय? नेलपॉलिश. जांभळी. पांढरी नाहीये घरात, हीच लावा, मुलीकडचे काय वाकून बघणार आहेत का, आमची ही म्हणाली होती —

नको. मास्तर, नाव नको. सापडलं असलं तरी वाचू नका. आत ठेवा ते कागद — आत ठेवा म्हटलं ना! चावी द्या इकडे. गाडी इथेच राहील. ब्रेकचं मी बघतो, पुढचे, मागचे, सगळे, आणि पैशाचं एक अक्षर काढू नका. उद्या बायकोला बसनं जाऊ द्या. माझ्याकडे काय बघताय? टॅक्सी समोरून मिळते. तो चहा राहू दे. जा.