साडेसोळा फूट शांतता

मुलगी : बोलतात, बाबा. मालक त्या दारात चक्क बोलतात. मी तीनदा लावून बघितलं. मुलगा विचारतो, ‘मला ओळखलंत का?’ आणि मालक तोंड उघडतात, ते अठ्ठेचाळीस सेकंद मिटतच नाहीत.

बाबा : दुसरा कुठला तरी सिनेमा असेल. एवढा मोठा नट, त्यांनी दोनशे केलेत. दारं सगळ्यांत असतात.

मुलगी : दार तेच, मुलगा तोच, त्याच्या हातातली पत्र्याची पेटीसुद्धा तीच. सिनेमा कंपनीने मूळ निगेटिव्हवरून नवी प्रत काढली, म्हणून संपादकांनी माझा लेख छापायच्या आधी ताडून बघितला. आता फार सौजन्याने विचारताहेत, की ज्या अकरा सेकंदांच्या मौनावर आपण सात पानं लिहिलीत, ते मौन नेमकं कुठे आहे?

आत्या : सात पानं?

मुलगी : साडेसात. तळटिपा धरून.

आत्या : आणि त्या अकरा सेकंदांत तो करतो काय?

मुलगी : बघतो.

आत्या : साडेसात पानं नुसता बघतो.

मुलगी : आत्या, तू मध्ये पडू नकोस. तुला मालक आवडत नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

आत्या : तिकीट खिडकीत बसून बावीस वर्षं त्याच्या नावाची तिकिटं फाडली मी. मला मत असू नये? त्याचे दोनच चेहरे. एक जेवण झालेला आणि एक जेवण व्हायचा.

बाबा : ताई, हे अज्ञान आहे. तो माणूस भुवई अर्ध्या सुताने उचलतो तेव्हा शेवटच्या रांगेला कळतं.

आत्या : शेवटच्या रांगेला काय कळायचं, ती झोपायची. मी बॅटरी मारून उठवायचे.

मुलगी : बाबा, विषय बदलू नका. पाच वाजता पानं छपाईला जाणार आहेत. आत्ता सव्वाचार झालेत. मालकांच्या चाहत्यांचं आपलं मंडळ दरवर्षी हा सिनेमा लावतं, त्या खेळाला मी स्टॉपवॉच घेऊन बसले होते. चार वर्षं, चार खेळ. सरासरी अकरा सेकंद, फरक फार तर शून्य पूर्णांक दोन. आपल्या मंडळाच्या प्रतीत, म्हणजे थिएटरमधून मिळालेल्या जुन्या प्रतीत, ते अकरा सेकंद आहेत. मुलगा विचारतो, मालक बघत राहतात, मग वळतात आणि आत जातात. कंपनीच्या प्रतीत अकरा सेकंद नाहीत, भाषण आहे. एकाच सिनेमाच्या दोन प्रती वेगळ्या कशा?

बाबा : सेन्सॉर असेल.

मुलगी : सेन्सॉर कापतो. भर घालत नाही.

बाबा : मग लेख मागे घे. ताप आलाय म्हणून कळव.

मुलगी : ताप आल्याने लेख खोटा ठरायचा राहतो का? मालकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा गौरवग्रंथ आहे तो. संपादकांनी समितीपुढे माझा लेख वाचून दाखवला होता. आता समितीत सगळ्यांना ठाऊक झालंय, की पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक बाई न घडलेले अकरा सेकंद मोजते. त्यात एक डॉक्टर आहेत, आमच्या अहवालांवरून शाळांचं पाणी सुरू-बंद करतात. उद्या मी क्लोरीन मोजून सही केली, की ते म्हणतील, हिने बघितलं की हिला दिसलं?

आत्या : तो प्रश्न बरा आहे.

मुलगी : म्हणून मी सकाळी कंपनीची प्रत अख्खी बघितली. दोन तास चाळीस मिनिटं, कामावर रजा टाकून. अधूनमधून हसूही आलं. हसताना असं वाटलं, की देवळात शिंकले.

बाबा : कुठे हसलीस?

मुलगी : त्या भाषणाला. बाबा, फार वाईट आहे ते. मालक रडतात, मग दाराला धरून रडतात, मग दार सोडून छातीला धरतात. ‘बापाचं काळीज’ हे शब्द पाच वेळा येतात. मोजले.

बाबा : सहा.



मुलगी : बाबा, तुम्ही ते भाषण ऐकलंय?

बाबा : एकदा हुंदक्यात बुडतं. म्हणून पाच वाटतं.

आत्या : घ्या. आला बोलायला.

मुलगी : थांब, आत्या. मला आधी माझं मांडू दे. बाबा, आपल्या प्रतीत त्या अकरा सेकंदांत मालकांच्या कॉलरवर निळ्या पट्ट्या दिसतात. आधी नसतात, नंतर नसतात.

बाबा : त्यावर मंडळाने परिसंवाद घेतला होता.

मुलगी : हो. ‘पट्ट्या म्हणजे मनातला तुरुंग.’ मी तो परिसंवाद लेखात उद्धृत केलाय, तळटीप क्रमांक चार. तर कंपनीच्या प्रतीत पट्ट्यांचा सदरा मालक सबंध सिनेमात एकदाच घालतात. मध्यंतराआधी, स्वयंपाकघरात. बायको माहेरी गेलेली असते आणि ते दूध तापायची वाट बघत उभे असतात.

आत्या : दूध?

मुलगी : दूध. तोच चेहरा, तीच मान किंचित डावीकडे, आणि ज्याला मी लिहिलं ‘सातव्या सेकंदाला डोळ्यांत दाटून येणारी लाज’, तिथे पातेल्यातून वाफ येते आणि ते डोळे बारीक करतात.

आत्या : अगं बाई.

मुलगी : आणि शेवटी, वळता वळता, एक लांब सुस्कारा ऐकू येतो ना? त्यावर माझं दीड पान आहे. दिग्दर्शकाने श्वासाचा किती धीट वापर केलाय वगैरे. ते दूध उतू जातंय, आत्या. गॅसवर सांडून चर्र होतंय.

आत्या : हसू का मी? का आत्ता नको?

मुलगी : हस. मी सकाळी हसून घेतलं. मग बाथरूममध्ये जाऊन थोडं रडलेही, पण ते लेखासाठी. बाबा, थिएटरात सिनेमाचं मशीन तुम्ही चालवायचात, त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणी जायचं नाही. मालकसुद्धा. म्हणजे थिएटरचे मालक.

बाबा : शाई पुरली नाही.

मुलगी : काय?

बाबा : आवाज फिल्मच्या कडेला असतो. बारीक पट्टी असते. तिच्यावर काळी शाई फिरवली की आवाज मरतो. शेवटच्या दोन फुटांना शाई पुरली नाही. म्हटलं, दूधच आहे, दूध काय बोलणार आहे.

मुलगी : म्हणजे तुम्ही केलंत.

बाबा : चौथ्या दिवशी फिल्म अडकली आणि दिव्याने जळाली. ऐन भाषणात. जळलेला भाग कापून जोडावाच लागतो, सगळेच जोडायचे.

मुलगी : किती जळली होती?

बाबा : चार फ्रेम.

मुलगी : चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. कापलं किती?

बाबा : बहात्तर फूट.

मुलगी : म्हणजे पुरे अठ्ठेचाळीस सेकंद. सगळं भाषण.

बाबा : तुला आठवत नसेल, तू सात वर्षांची होतीस. पहिले तीन दिवस लोक त्या भाषणाला हसले. पुढच्या रांगेतली पोरं मालकांच्या आधीच ‘बापाचं काळीज’ ओरडायची, छाती धरून. मी वरच्या भोकातून बघायचो. सोळाव्या वर्षापासून ज्या माणसासारखा भांग काढत आलो, त्याला लोक हसताहेत, आणि लोकांचं बरोबर आहे. ते सहन होईना. ते रीळ लागलं की मी भोकापाशी उभाच राहायचो नाही. चौथ्या दिवशी फिल्म जळाली, कात्री हातात होतीच. म्हटलं, आता चार फ्रेम तरी कशाला, अख्खं लाजिरवाणंच काढू.

आत्या : आणि दुधाचं डोकं कुणाचं?

बाबा : माझंच. नुसतं कापलं तर मुलगा विचारतो आणि हा पाठ फिरवतो, म्हणजे निर्दय वाटतो. मध्ये काहीतरी बघायला हवं. दुधापाशी तो पाऊण मिनिट उभा आहे, तिथले साडेसोळा फूट गेले तर कुणाला कळणार?

मुलगी : म्हणजे जगात सगळीकडे पाऊण मिनिटात तापणारं दूध आपल्या गावात चौतीस सेकंदांत तापायचं.

बाबा : त्यावर कुणी परिसंवाद घेतला नाही.

आत्या : तरी मी म्हणायचे, हा एवढा बरा कसा दिसला या एकाच ठिकाणी. कारण तिथे तो अभिनय करतच नव्हता. दुधावर लक्ष ठेवून होता.

मुलगी : तू तर म्हणायचीस तो लाकूड आहे.

आत्या : लाकूडच आहे. पण त्या सिनेमाला दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज खिडकी दहा मिनिटं लवकर बंद करून आत येऊन उभी राहायचे. सतरा आठवडे. तुझे आजोबा घर सोडून गेले ते परत आले नाहीत. आले असते तर बोलले नसते, असेच बघत राहिले असते, असं मला वाटायचं. त्या वेळी पातेल्याचं कुठे ठाऊक होतं.

बाबा : ताई, तू कधी बोलली नाहीस.

आत्या : लाकडाला बघून रडते, हे सांगायचं कुणाला?

मुलगी : बाबा, मी संपादकांना कळवते. तुमची प्रत वेगळी होती आणि ती का, ते.

बाबा : नको.

मुलगी : का? आता नोकरी जायची नाही. थिएटरचं गोदाम होऊन आठ वर्षं झाली.

बाबा : मी मंडळाचा अध्यक्ष आहे. दरवर्षी त्या खेळाआधी उठून सांगतो, की आता येणारं मौन जगात कुठल्या नटाला जमलेलं नाही. मी सांगतो. मी.

आत्या : ते एक फार छान करतोस. डोळे मिटून.

बाबा : आणि घड्याळवाला आहे.

मुलगी : घड्याळवाले काका? ते तर मंडळातून निघून गेले ना, मी शाळेत असताना?

बाबा : गेला नाही. काढला. मुलीच्या गावी गेला होता, तिथे त्याने हाच सिनेमा बघितला. येऊन सभेत म्हणाला, तिथे मालक भाषण करतात आणि फार रडतात. पहिले तीन दिवस हसलेले एव्हाना ते विसरले होते, सगळे त्याच्या अंगावर गेले. मालकांची बदनामी करतोस, दुसऱ्या नटाच्या गटाने पाठवलंय तुला, असं काय काय बोलले. तो माझ्याकडे बघत होता. एका बाकावर बसून शिकलो आम्ही. तो म्हणाला, तू मशीनवर असतोस, तूच सांग.

मुलगी : तुम्ही काय सांगितलंत?

बाबा : चाळीस मिनिटं बोललो. मग ठरावावर पहिली सही केली.

आत्या : मला वाटलं, त्याच्याशी तुझं पैशावरून काहीतरी झालं.

बाबा : तसं मीच सांगत फिरलो. तेव्हापासून मागच्या गल्लीने जातो. त्याने पुढे सगळ्या गावात सांगणं सोडून दिलं. मुलीला पत्रात लिहिलं होतं म्हणे, की बहुतेक मलाच भास झाला असेल. ते मला कुणीतरी हसत हसत सांगितलं.

मुलगी : बाबा, माझंही आज सकाळपर्यंत तसंच झालं होतं. मला वाटलं, मी चार वर्षं भास मोजत होते.

बाबा : भास नव्हता.

मुलगी : लेख मागे घेतला तर मी खोटी ठरते. तुमचं नाव घातलं तर मंडळ तुम्हाला सोडणार नाही. मला दोन्ही नको आहे, आणि तिसरं काही सुचत नाही. तुम्ही सांगा. साडेचार वाजलेत.

बाबा : लिहायचंच असेल तर एवढंच लिही, की फिल्म जळाली, घाईत जोडताना गफलत झाली, दुसरा तुकडा लागला. होतं असं. सगळ्या थिएटरांत होतं. त्यात कुणी कुणाला फसवलं असं निघत नाही.

मुलगी : बरं. तसं लिहिते.

आत्या : आणि ते लाजेचं काय करणार? सातव्या सेकंदाचं?

मुलगी : ठेवते. फक्त ती मालकांची नाही असं लिहावं लागेल. वाफेची लिहिलं तर बरं दिसणार नाही.

आत्या : बघणाऱ्याची लिही.

मुलगी : हे तळटिपेत घेऊ का? तुझ्या नावाने?

आत्या : माझं नाव त्याच्या ग्रंथात? मेले तरी नको. तिकीट खिडकी लिही.

मुलगी : ऐका, बाबा, सुरुवात अशी होतेय. ‘ज्या मौनाबद्दल हा लेख आहे, ते नटाचे नाही. आमच्या गावच्या थिएटरचे मशीन ऑपरेटर, म्हणजे माझे वडील, यांच्याकडून जळालेली फिल्म जोडताना ते चुकून तयार झाले. गावातील एका घड्याळजींनी हे तेव्हाच ओळखले होते.’ चालेल? पाठवू?

बाबा : पुन्हा वाच.

मुलगी : ‘...जळालेली फिल्म जोडताना ते चुकून तयार झाले.’

बाबा : ‘चुकून’ खोड.