मामा सोबत नसताना

मामा : म्हणजे मी नको, असंच ना? मग सरळ बोल की! मी चपला घालून दारात उभा राहिल्यावर कसली गं ही गोल गोल भाषा?

भाची : नको असं नाही हो, मामा. आज मला एकटीला जाऊ द्या, एवढंच.

मामा : अगं, शिलाई कारखान्यात उभा जन्म सुपरवायझर होतो मी. माझ्या हाताखाली काम केलेल्या त्या बायकांची दारं उघडतात ती कुणाच्या तोंडाकडे बघून? तुला एकटीला बघून कडीसुद्धा काढायच्या नाहीत.

भाची : दारं उघडतात, तोंडं उघडत नाहीत. मी माझ्या अहवालासाठी विचारते, तुम्ही कारखान्यातलं काम मध्येच का सोडलंत? तुम्ही शेजारी बसलेले असलात की घरोघरी एकच उत्तर. ‘घरच्या अडचणी.’

मामा : मग असतील अडचणी! मी काय त्यांच्या तोंडात घातल्या?

भाची : तुमचा गुडघा धरला होता ना, तेव्हा दुसऱ्या गल्लीत मी एकटीच गेले. त्या घरांत वेगळं ऐकलं. म्हणे, लाइनवर फार आरडाओरडा चालायचा.

मामा : कुणाचा?

मामी : आता कुणाचा म्हणजे! मशिनी ओरडायच्या का?

मामा : तू तुझी भाजी निवड गं. हे बघ पोरी, त्या मागच्या गल्लीतल्या ना? काज-बटणवाल्या? जन्माच्या कुरकुऱ्या आहेत त्या. त्यांना पगार वाढला तरी तोंड वाकडं.

भाची : हे मात्र बरोबर बोललात.

मामा : ऑ?

भाची : खरंच. फरक गल्लीचा असेल, तुमचा नसेलही. आत्ता मला सांगता येत नाही. म्हणून तर तुमच्याबरोबर ज्या घरांत गेले, त्याच घरांत पुन्हा जायचंय. प्रश्नही तेच. फक्त तुम्ही नाही. उत्तर तेच आलं तर माझी शंका गेली चुलीत.

मामा : तेच येणार! अगं, अजून रस्त्यात दिसल्या की हसतात माझ्याकडे बघून.

भाची : आणि न हसणाऱ्या?

मामा : त्या आदरानं गप्प असतात.

भाची : आणि तुम्हाला बघून पलीकडच्या बाजूला जाणाऱ्या?

मामा : घाईत असतील बिचाऱ्या.

भाची : मामा, हसल्या तर माया, गप्प बसल्या तर आदर, पळाल्या तर घाई. मग त्यांनी नेमकं काय केलं म्हणजे तुम्ही मानाल, की त्या तुम्हाला घाबरायच्या?

(मामा चपला काढून खुर्चीत बसतात.)

मामा : पेचात पकडलंस की गं.

भाची : पेच नाही हो. ‘नाही’ ऐकायची तयारीच नसेल तर विचारायला जायचं कशाला?

मामा : माल वेळेत निघावा लागायचा. वरून मला शिव्या, मी खाली ओरडायचो. पण कुणाचं पोर तापानं फणफणलं, तर मीच घरी धाडायचो तिला. ते नाही सांगितलं कुणी?

भाची : सांगितलं ना. तेही लिहिणार आहे. दोन्ही लिहिणार.

मामा : हं. मग असं कर, घरापासूनच सुरुवात कर. ही तुझी मामी लग्नाआधी माझ्याच लाइनवर कॉलरी शिवायची. माझ्या तोंडावर बोलायला ही भीत नाही, बघतेस ना तू रोज. ही म्हणाली की हो, भीती वाटायची, तर मी मानलं. बास. विचार तिला.

भाची : मामी?

मामी : आता मी काय सांगणार…

मामा : सांग की! इतक्या वर्षांनी लाजतेस काय?

मामी : अहो, तुम्ही जरा कोपऱ्यापर्यंत फेरी मारून या.

मामा : आत्ता? आणि कशाला?

मामी : या तर खरं.

(मामा चपलांत पाय घालतात.)

भाची : मामा, मी नंतर विचारेन. राहू दे.

मामा : नाही नाही. आत्ताच विचार. मी जातो.

मामी : सावकाश जा. गुडघा सांभाळा.

मामा : दार ओढून घेऊ?

मामी : घ्या.