फक्त पाच पावलं

…आणि वर मलाच म्हणतात, तू फार काळजी करतेस! मी? अहो, आठ महिन्यांचं पोर, अजून धड बसता येत नाही, बसवलं की पोत्यासारखं कलंडतं, त्याला एक मिशीवाला बाप्या काखोटीला मारून पळवणार, कॅमेऱ्यासमोर, आणि त्याच्या आईनं काय करायचं? तर खुर्चीत बसून बघायचं! तुम्हाला सांगते, दुसरी कुणी असती तर तिनं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. मी आपली काही बोलले नाही.

आता हे खूळ कुणाचं? आमच्या नवऱ्याचं. लायल कुचेरा. ऐकलंय नाव? कसं ऐकणार! अख्ख्या नेब्रास्का राज्यात कुणी ऐकलेलं नाही, आणि गडी चार वर्षं कॉलेजच्या फुटबॉलच्या संघात होता, चेंडू काखेत मारून पळतात त्या अमेरिकी फुटबॉलच्या! सव्वाशे किलो वजन, पाठीवर चौसष्ट नंबर, बघायला हजारो माणसं… आणि चार वर्षांत चेंडूला एकदाही हात लागला नाही ह्याचा. कारण ते ह्याचं कामच नव्हतं. ज्याच्या काखेत चेंडू, तो पळणार. ह्यानं त्याच्या पुढे धावायचं आणि जो आडवा येईल त्याला उताणा पाडायचा. बस्स. चेंडूवाल्याचा फोटो पेपरात, आणि फोटोच्या कोपऱ्यात ह्याचं ढोपर. सासूबाईंनी ते ढोपर तेवढं कापून भिंतीवर लावलंय!

पुढे गुडघा गेला, दहा वर्षं ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले, आणि एक दिवस जेवताना म्हणतो कसा, "ट्रूडी, मी सिनेमा काढतोय." म्हटलं, "आधी बाळाची ढेकर काढ." पण नाही! गावातला दंतवैद्य, जुन्या संघातले चार दोस्त, असे पैसे घालणारे गोळा केले आणि झाला निर्माता.

आणि निर्माता झाला तरी माणूस तोच हो! रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात, डोकी आत. रंगरंगोटी करणारी बाई, दिवेवाला, चहा-कॉफीवाली, सगळे. "काल आपण मागे पडलो! आज काय करायचं? पुढे जायचं!" की सगळ्यांनी मिळून एक टाळी. त्या दिवेवाल्याला अजून कळलेलं नाही, पुढे म्हणजे कुठे. पण वाजवतो बिचारा.

तर बाळ. गोष्टीत एक अनाथ बाळ होतं, त्याला गुंड पळवतो. त्यासाठी जुळी आणली होती, एक रडलं की दुसरं. पण दोघांचे कान एकदमच दुखायला लागले, आणि त्यांची आई त्यांना घेऊन गेली घरी. शूटिंगचा शेवटून पाचवा दिवस! मागे मक्याचं शेत हवं, माणसापेक्षा उंच, आणि शेत आर्लोकाकांचं. ते आपले कापणीचं यंत्र चालू करून बांधावर बसलेले. घड्याळ बघतायत. "लायल, सूर्य बुडेस्तोवर तुझं. उद्या सकाळी माझं. मका काय तुझ्या सिनेमासाठी थांबत नाही."

दिग्दर्शिका प्रिसिला. लॉस एंजेलिसची, नखशिखांत काळे कपडे, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी आत्ताच गेलंय. ती म्हणाली, "संपलं. बाळ नाही, सिनेमा नाही." आणि आमचा हा… दुसऱ्यासाठी मधे पडायची सवयच ना… म्हणतो, "आपला ओटो आहे की!" जणू घरात एक जादा खुर्ची आहे, ती देतो!

मी आपली काही बोलले नाही. म्हणजे, फक्त एवढंच विचारलं की पडला तर? ऊन लागलं तर? मिशीवाल्याचे हात धुतलेत का? त्याला खोकला आहे का? लहानपणी गोवर येऊन गेला होता का? एवढंच.

लायल म्हणाला, "अगं, फक्त पाच पावलं! ओसरीवरच्या पाळण्यातून ग्रेडी त्याला उचलणार, पाच पावलं टाकणार, पायरीपाशी तीन पोलीस त्याला घेरणार, कट! ओटो तुझ्या मांडीवर. मक्यात पळायचं ते बाहुला घेऊन."

तो ग्रेडी म्हणजे गुंड. तसा गरीब हो, रविवारी चर्चमध्ये गातो. मला म्हणतो, "ताई, मला तीन भाचरं आहेत." म्हटलं, "त्यांना पळवतोस का?"

वर नियमाप्रमाणे बाळावर लक्ष ठेवायला बर्निस नावाची नर्स. गळ्यात घड्याळ. बाळ दिव्यांसमोर वीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. मला तीच काय ती माणसात वाटली. ती म्हणाली, "पोरी, परवानगीच्या कागदावर सही कर. मी आहे." केली सही. डोळा सगळा त्या मिशीवाल्यावर, सही अशी झाली, की नाव माझं मलाच ओळखू येईना.

आणि म्हणाले की हो, ॲक्शन!

ग्रेडी आला. पाळण्यात वाकला. ओटो हसला त्याला! परक्या माणसाला बघून आजवर कधी हसला नाही, बोंबलतो, आणि गुंडाला हसला. उचललं, काखेत घेतलं, अस्सं, चेंडूसारखं… एक, दोन, तीन… मी मोजतेय… चार… आणि ते तीन पोलीस धावत आले त्याला घेरायला.

आता मला सांगा, लायलच्या डोळ्यांना काय दिसलं असेल? एक माणूस. काखेत काहीतरी गच्च धरलंय. पळतोय. आणि तीन जण त्याला अडवायला येतायत. चार वर्षं, सकाळ-संध्याकाळ, जे अंगात मुरवलंय… निर्मात्याच्या खुर्चीतून सव्वाशे किलो उडाले! पहिला पोलीस गुलाबाच्या वाफ्यात. दुसरा पाळण्यात. तिसऱ्यानं टोपी काढून हात वर केले. आणि आमचा हा मागे वळून ओरडतो काय? "पळ, ग्रेडी! रस्ता मोकळाय!"

पळ! काखेत ह्याचंच पोर, आणि म्हणतो पळ!

तो पळाला ना! सहा, सात, आठ… आणि गेला मक्यात! मला वाटलं, आता प्रिसिला कट म्हणेल. मग म्हणेल. ती बाई तोंडावर हात ठेवून उभी, डोळ्यांत पाणी, "किती खरं… किती खरं…" खरं? खरं पोर आहे ते, भवाने!

मग मात्र मी बोलले. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पायात सपाता, डोक्याला केस कुरळे करायची रिळं, आणि घुसले मक्यात. काही दिसत नाही! पानं तोंडावर सपासप, आणि पलीकडून त्या यंत्राची घरघर. काका यंत्र पुढे तर नाही ना आणणार? ओटोचा आवाज नाही. का नाही आवाज? पोर रडलं तर कळतं तरी! "ओटो! ओटो!" माझा श्वास संपला, ओरडायचं संपेना.

आणि सापडले. ग्रेडी मधोमध उभा, वाट चुकलेला, पांढराफटक. "ताई, कुणी कट म्हणालंच नाही!" आणि माझा लेक त्याच्या कडेवर मजेत, ग्रेडीची चिकटवलेली अर्धी मिशी उपटून चघळतोय. मी बोट घालून मिशी काढली. पोराला असं आवळलं, की तेव्हा कुठे रडला. इतकं गोड रडणं मी आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. पाठोपाठ बर्निस आली धापा टाकत. "अकरा मिनिटं, पोरी. नियमात बसलं."

बाहेर आले, तर लायल पायरीवर मान खाली घालून. "ट्रूडी, मला चेंडूच दिसला गं." आता ह्याला काय मारणार? सव्वाशे किलोचं लेकरू ते.

मला वाटलं, सुटले! पण प्रिसिलाबाईंनी तो तुकडा दहादा बघितला. बदलायचा नाही म्हणे. लायल आता गोष्टीत गुंडाचा साथीदार. अनाथ बाळ अनाथ राहिलं नाही, त्याला मागून धावणारी आई आली. आर्लोकाकांनी बारा ओळी मका ठेवला, चार दिवस ओटोसकट मी पुन्हा शूटिंगवर. सह्या करून करून हात सरावला.

आणि सिनेमात पाठमोरी धावते ती मी. पण तोंड समोरून दाखवायची वेळ आली, तर बाईंनी ओमाहा शहरातून नटी आणली! विचारलं, "का हो? माझं तोंड काय वाईट आहे?" म्हणाल्या, "तसं नाही, ट्रूडी. आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला हवी. तुमच्या चेहऱ्यावर नुसता राग दिसतो."

म्हटलं, बाई, आई होऊन आठ महिने झाले. आता दोन्हींना चेहरा एकच उरलाय.