जोर कुठल्या अक्षरावर

मामा : पुन्हा लावू नकोस ते कारखान्यातलं रेकॉर्डिंग. चारदा ऐकलं. "पारा ला माकिना." म्हणजे "मशीनसाठी". पारा म्हणजे साठी, स्पॅनिशच्या पहिल्या धड्यातला शब्द.

भाची : मामा, पत्रा कापायच्या मशीनमध्ये बोटं अडकलेली बाई "मशीनसाठी, मशीनसाठी" म्हणून किंचाळेल?

मामा : अडाणी बाई काहीही किंचाळेल. मी तीस वर्षं स्पॅनिश शिकवलं. तू कुठे शिकलीस?

भाची : हॉस्पिटलच्या लाँड्रीत. सहा वर्षं तिच्याच गावाकडच्या बायकांबरोबर चादरी पिळल्या.

मामा : वा! साबणाच्या फेसातलं स्पॅनिश. आणि ते घेऊन बाईसाहेब माझं भाषांतर तपासणार.

भाची : जोर कुठे पडतोय तेवढं ऐका. "साठी"वाला पारा सपाट जातो. ही "रा"वर आदळतेय. पा-राऽ! म्हणजे थांबव. मशीन थांबव.

मामा : "थांबव"मध्ये जोर "पा"वर येतो. पाऽ-रा. कुठलंही व्याकरण उघड.

भाची : तुमच्या व्याकरणात येत असेल. त्या बायका हुकूम सोडताना जोर शेवटच्या अक्षरावरच देतात. बोल, बघ, थांब, सगळं तसंच.

मामा : म्हणजे चुकीचं बोलतात. लोकांच्या चुका निस्तरायला नाही बसलो मी इथे.

भाची : उद्या कोर्टात सुनावणी आहे, आपलं भाषांतर तिथे वाचणार. तिचा मुकादम म्हणतो, मशीन बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं, पण थांबव असं कुणी म्हणालंच नाही. तुमच्या "साठी"वर तो सुटेल. तिची दोन बोटं गेलीत, मामा.

मामा : रडगाणं नको. मुद्दा बोल.

भाची : बरं, पुस्तकातलंच विचारते. "साठी"च्या पारावर कधी जोर येतो?

मामा : येत नाही.

भाची : मग हा कुठून आला?

(मामा स्वतःच रेकॉर्डिंग लावतो. शेवटपर्यंत ऐकतो.)

मामा : काय भयंकर उच्चार! गावंढळ नुसते.

भाची : हो.

मामा : बदल ती ओळ. पण खाली टीप टाक : बोलणारी अशिक्षित, भाषा अशुद्ध.

भाची : टीप नाही टाकणार.

मामा : मग काय लिहिशील?

भाची : "थांबव मशीन," दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं "थांबव". पुढचं तिला बोलता आलेलं नाही.